ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पी (पार्किंग) मध्ये अडकलाय आणि मागे मठ्ठ्याचा टेम्पो उभा आहे (तातडीची मदत हवी)

उतारावरचा (शनिवार, सकाळी १०:५२)

मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखनाकडे बघू नका.

मामेबहिणीच्या लग्नाला वाईला आलोय. बाबांची ऑटोमॅटिक हॅचबॅक आहे, सीव्हीटी प्रकारच्या गिअरबॉक्सची, ९ वर्षं जुनी, किल्लीने चालू होणारी. रुखवताचं सामान उतरवायचं म्हणून कार्यालयाच्या गेटच्या तोंडाशीच उतारावर लावली. सामान उतरलं, डिकी लावली, गाडी चालू केली, आणि आता गिअर पी मधून हलायलाच तयार नाही. इंजिन झकास चालू आहे. ब्रेक पूर्ण दाबलाय. दांड्यावरचं बटण आत जात नाही, दगडासारखं घट्ट.

मागे केटररचा टेम्पो उभा आहे, त्यात मठ्ठ्याची पिंपं. मुहूर्त १२:२० चा. मामा काही बोलत नाहीयेत, हेच जास्त वाईट आहे.

बाबांचं म्हणणं, "ही गाडी डिकी उघडली की रुसते." त्याकडे कृपया दुर्लक्ष करावे.

---

क्लचप्रेमी (१०:५५)

म्हणून मी म्हणतो, मॅन्युअल घ्या. आत्ता चार माणसं लावून धक्का मारला असता आणि टेम्पो आत असता.

---

तिखटमीठ (१०:५६)

क्लचप्रेमी, धागा उघडून तीन मिनिटं नाही झाली!

धागाकर्ते, उतारावर आहे म्हणताय, तर बहुतेक गाडीचं वजन गिअरबॉक्सवर आलंय. हँडब्रेक न लावता आधी पी टाकला असणार. दोघातिघांना गाडी चढाच्या बाजूला किंचित ढकलायला सांगा आणि त्याच वेळी दांडा ओढा. खाडकन आवाज येईल, घाबरू नका. आमच्याकडे पाचगणीला हेच झालं होतं.

---

वायरमन७२ (१०:५८)

तिखटमीठताई, तुमचा मुद्दा चुकीचा नाही, पण लक्षण वेगळं आहे. वजन आलं की दांडा जड लागतो, बटण मात्र आत जातं. इथे बटणच जात नाही. म्हणजे कुलूप उघडलेलं नाही.

उतारावरचा, एकच काम करा. एका माणसाला गाडीच्या मागे उभा करा, ब्रेक दाबा, आणि मागचे लाल दिवे लागतात का ते विचारा. दिवे लागले का नाही एवढंच सांगा. बाकी काही ओढू नका, विशेषतः दांडा.

---

उतारावरचा (११:०१)

मेहुण्याला उभं केलं. एकही दिवा लागत नाही. तीनही बंद.

---

वायरमन७२ (११:०४)

झालं. निम्मं निदान झालं.

आता आधी गाडी हलवू, कारण मग सांगतो. दांड्याच्या शेजारी पट्टीवर नखाएवढं एक झाकण असेल, बहुतेक काळं किंवा राखाडी. त्यावर "शिफ्ट लॉक" लिहिलेलं असतं, काही गाड्यांत काहीच लिहिलेलं नसतं. हँडब्रेक पूर्ण ओढा. इंजिन बंद करा, किल्ली मात्र ऑनवर ठेवा. झाकण पातळ काहीतरी घालून उचका, रुमाल मध्ये धरा म्हणजे ओरखडा पडणार नाही. खाली भोक दिसेल. पाय ब्रेकवर ठेवून त्या भोकात बारीक स्क्रू ड्रायव्हर किंवा किल्लीचं टोक सरळ खाली दाबा आणि दाबलेलं असतानाच बटण दाबून दांडा एन (न्यूट्रल) वर आणा. ऑटोमॅटिक गाडी एन मध्येही चालू होते. चालू करा, डी (ड्राइव्ह) टाका, बाजूला घ्या.

उतार आहे हे विसरू नका. पी निघाला की गाडी फक्त तुमच्या पायावर आणि हँडब्रेकवर उभी आहे. पुढे मागे कोणी उभं नको, विशेषतः पोरं.

---

गवती_चहा (११:०६)

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. मठ्ठा तर मिळणार नाही.

---

क्लचप्रेमी (११:०७)

गाडी हलवायला भोकात किल्ली घालायची?? आणि हिला म्हणे ऑटोमॅटिक. (दिवा घ्या, म्हणजे गंमत करतोय)

---

उतारावरचा (११:१९)

निघाली!!!

स्क्रू ड्रायव्हर नव्हता. मावशीच्या अंबाड्यातला आकडा सरळ करून घातला. पहिल्या दोन वेळा वाकला, तिसऱ्यांदा खाली काहीतरी स्प्रिंगसारखं दबलं आणि बटण लोण्यासारखं आत गेलं. टेम्पो आत गेला, मामा हसले. वायरमनकाका, तुम्हाला साष्टांग. अक्षता टाकून येतो.

---

घाटवेडी (११:४०)

उतारावरचा लग्नात असेपर्यंत माझा अनुभव लिहून घेते.

माझी गाडी एकदा पी मध्ये अशीच अडकली होती, पण दिवे लागत होते. सगळ्यांनी ब्रेकचा स्विच, बॅटरी, काय काय सांगितलं. शेवटी खरं कारण निघालं उसाचा रस! दांड्याच्या पुढच्या कपाच्या खाचेत ग्लास ठेवला होता, वळणावर हिंदकळला आणि पट्टीच्या फटीतून आत गेला. तेव्हा काही झालं नाही. चारेक आठवड्यांनी तो आत वाळून चिकट झाला आणि कुलपाची ती छोटी कळ जागच्या जागी बसली. गॅरेजमध्ये वरचं प्लास्टिक उचकटलं तर आत मुंग्यांची रांग. इलेक्ट्रिक भाग साफ करायचा स्प्रे मारून, ब्रशने घासून पुसलं, तेव्हापासून ठीक आहे. तेल किंवा ग्रीस मारू नका असं त्या मुलाने बजावलं, धूळ धरते म्हणाला.

तेव्हापासून माझ्या गाडीत चहा, रस, सरबत काहीही दांड्याजवळ ठेवायला बंदी आहे. नवरासुद्धा पाळतो.

---

मी_सांगलीची (११:५१)

प्रश्न बावळट असेल, पण माझ्या ऑटोमॅटिकमध्ये पी नावाचं काही नाहीच. आर, एन, डी आणि एम एवढंच आहे. मला फसवलं का?

---

पन्हाळवारा (११:५८)

नाही हो ताई. तुमची एएमटी असणार. आत नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओबरोबर ही सोय स्वस्त गाड्यांत आली आणि मग सगळीकडे पसरली. त्यात पी नसतो, म्हणून गाडी लावताना गिअरमध्ये ठेवून बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा. उतारावर एन मध्ये ठेवून नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर जाऊ नका.

बाकी धागाकर्त्याच्या गाडीसारखं कुलूप तुमच्यात नाही. ब्रेक न दाबता तुमची गाडी चालू होणार नाही, ते वेगळं.

---

तिखटमीठ (१२:०५)

वायरमनकाका, आता कारण सांगा. दिव्यांचा आणि गिअरचा संबंध काय? मला वाटायचं दांडा थेट गिअरबॉक्सला जोडलेला असतो.

---

वायरमन७२ (१२:३१)

जेवण करून बसलो. सांगतो.

दांडा एका तारेने गिअरबॉक्सला जोडलेलाच असतो. पण दांड्याच्या बुडाशी एक लहान विद्युतचुंबक बसवलेला असतो, त्याला सोलेनॉइड म्हणतात. तो एक खिट्टी धरून ठेवतो. ब्रेकच्या पायपट्टीच्या वर एक स्विच असतो. तुम्ही ब्रेक दाबला की तो स्विच करंट पुढे सोडतो, मागचे दिवे लागतात आणि तोच निरोप सोलेनॉइडला जातो. खिट्टी सरकते. गाडी शांत असेल तर "टक्" असा बारीक आवाज येतो. उद्या सकाळी इंजिन चालू करण्याआधी, नुसती किल्ली फिरवून, ब्रेक दाबून ऐका. रोज येत असतो, आपण कधी ऐकलेला नसतो.

तेव्हा गिअर पी मध्ये अडकला की माझी पद्धत अशी: टक् येतंय आणि दिवेही लागतायत, तर दोष दांड्याच्या यांत्रिक भागात, घाटवेडीताईंच्या रसासारखा, किंवा तिखटमीठताईंच्या उतारासारखा. दिवे लागतायत पण टक् नाही, तर सोलेनॉइड, त्याची वायर, किंवा कमजोर बॅटरी. बॅटरी उतरली की खिट्टी ओढायला जोर पुरत नाही. दिवेही नाहीत आणि टक्ही नाही, तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर. म्हणजे ब्रेकचा स्विच किंवा फ्यूज. काही गाड्यांत स्विचमध्ये दोन वेगळ्या जोड्या असतात, एक दिव्यांची आणि एक कुलपाची, तिथे हा नियम डोळे झाकून लावू नका.

धागाकर्त्यांचं तिसऱ्या घरात बसतं. बटणाने चालू होणारी गाडी असती तर इंजिनही चालू झालं नसतं, कारण ब्रेक दाबलाय हे गाडीला कळलंच नसतं. लोक मग बॅटरी बदलून मोकळे होतात.

---

गवती_चहा (१२:३६)

धागा वाचनखुणेत साठवला. काका, तुम्ही शिकवायला हवं होतं.

---

हडसनकाठचा (१२:५२)

न्यूजर्सीतून हजेरी. इथे रात्र आहे, पण हा विषय दिसला आणि झोप गेली.

हे कुलूप आलं कुठून त्याची गोष्ट सांगतो, थोडं अवांतर आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या गाडीबद्दल ओरड झाली की गाडी आपोआप सुसाट सुटते. सरकारी चौकशी झाली. १९८९ च्या अहवालात निष्कर्ष असा की बहुतेक घटनांत गाडी सुटत नव्हती, माणसं ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबत होती. यावर तोडगा म्हणून ब्रेकवर पाय असल्याशिवाय पी मधून दांडा हलूच द्यायचा नाही, हे कुलूप रुजलं. पुढे लहान मुलं गाडीत खेळता खेळता गिअर काढतात आणि गाडी घरंगळते, अशा अपघातांवरून कायदाच झाला, आणि १ सप्टेंबर २०१० पासून बनलेल्या, पी असलेल्या इथल्या सगळ्या हलक्या गाड्यांना ते सक्तीचं आहे.

म्हणजे वाईचा टेम्पो ज्याने अडवला त्याचं मूळ माणसाच्या चुकलेल्या पायात आहे.

माझ्या सध्याच्या गाडीत दांडा नाही, एक गोल चकती आहे. झाकण नाही, भोक नाही, मावशीचा आकडा चालत नाही. बॅटरी मेली आणि बाहेरून करंट देऊनही जमलं नाही, की सपाट ट्रकवर चढवायची. क्लचप्रेमींच्या दुःखात मी सहभागी आहे.

---

क्लचप्रेमी (१२:५५)

हडसनकाठचे यांना +१. बघा, परदेशातूनही पाठिंबा.

---

हडसनकाठचा (१२:५८)

पाठिंबा नाही हो, सहानुभूती. पुण्याच्या रहदारीत डावा पाय तुमचा दुखतो, माझा नाही. हघ्याहेवेसांनल (हलके घ्या हे वेगळे सांगणे न लगे).

---

पन्हाळवारा (दुपारी १:२०)

माझं उलटं झालं होतं, ते पण नोंदवतो. माझ्या गाडीचा दांडा एके दिवशी भलताच हलका झाला. पी, आर, एन, डी, सगळीकडे तुपात फिरल्यासारखा फिरतोय, गाडी मात्र जागची हलत नाही. डॅशबोर्डवर पी च दिसतोय. मी ॲक्सिलरेटर देतोय, इंजिन ओरडतंय.

कोल्हापूरला एका ओळखीच्या मिस्त्रीने बोनेट उघडून गिअरबॉक्सजवळ हात घातला आणि चॉकलेटी भुगा बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. तारेच्या टोकाला प्लास्टिकचा एक बुश असतो, त्याचा उष्णतेने भुगा झाला होता. तार गिअरबॉक्सच्या खुंटीवरून निसटलेली. त्याने प्लास्टिकच्या पट्ट्या आवळून तात्पुरती बांधली आणि "घरापर्यंतच जायचं, गगनबावड्याला नाही" अशी ताकीद दिली. बुश किरकोळ किमतीचा, पण सुटा मिळेना, पूर्ण तारच घ्या म्हणत होते.

तर दांडा अडकणं आणि दांडा सैल होणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. सैल झाला तर गाडी पी मध्ये आहे असं समजून खाली उतरू नका. दांडा पी वर आणि गिअरबॉक्स एन वर असंही होऊ शकतं.

---

उतारावरचा (दुपारी ३:१०)

लग्न लागलं. मठ्ठा उत्तम होता, तीन वाट्या.

आता पुढचा प्रश्न. संध्याकाळी पुण्याला परत जायचंय. तोच आकडा खिशात आहे. असंच भोकात घालून घालून गेलो तर चालेल ना? बाबा म्हणतात चालेल.

---

वायरमन७२ (३:१२)

अजिबात नाही.

गिअरचं सोडा. तुमचे ब्रेकचे दिवे बंद आहेत. सुरूर फाट्यावरून हायवेला लागाल, खंबाटकीचा बोगदा, बोगद्यापुढचं ते वळण, मागे उतारावर भरलेला ट्रक. तुम्ही ब्रेक दाबलात हे त्याला कळणारच नाही. गिअर अडकला हे गाडीचे उपकार समजा, नाहीतर दिवे गेलेत हे तुम्हाला कळलंही नसतं.

फ्यूज बघा. एक डबा स्टिअरिंगच्या खाली, एक बोनेटमध्ये. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, त्यात "स्टॉप" शोधा. डब्यातच एक छोटा प्लास्टिकचा चिमटा असतो. उडालेला असेल तर रंग कुठला ते सांगा.

---

घाटवेडी (३:१५)

काकांना प्रचंड अनुमोदन. मागून ठोकर बसलेली मी आहे. मान अजून थंडीत दुखते.

---

उतारावरचा (३:४१)

सापडला. स्टिअरिंगच्या खालच्या डब्यात. आतली तार तुटून काळी पडलीय. रंग पिवळा, वर २० लिहिलंय.

---

वायरमन७२ (३:४३)

झाकणावरच्या नकाशात त्या जागी किती लिहिलंय?

---

उतारावरचा (३:४५)

१०.

---

वायरमन७२ (३:५२)

मला हीच भीती होती. १० चा फ्यूज लाल असतो, १५ चा निळा, २० चा पिवळा. कोणीतरी आधी १० चा उडालेला बघून २० चा ठोकलाय. याआधी असं झालं होतं का?

---

उतारावरचा (३:५८)

अहो हो! महिन्यापूर्वी सोसायटीत गिअर असाच अडकला होता. मी ऑफिसला होतो, बाबांनी जवळच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. तो दहा मिनिटं आत डोकं घालून बसला, २०० रुपये घेतले, "पावसाचं पाणी गेलं होतं" म्हणाला. बाबांनी हे मला आत्ता सांगितलं.

---

वायरमन७२ (४:०९)

फ्यूज हा मुद्दाम कमजोर ठेवलेला दुवा आहे. वायर १० पुरती, तर फ्यूज १० चाच हवा, म्हणजे गडबड झाली की आधी तो जळतो. २० चा घातला की फ्यूज तग धरतो आणि वायर तापते. गालिचाखाली, सीटखाली, जिथे दिसत नाही तिथे. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे मी पाहिलेत, आणि त्यानंतर काळ्या झालेल्या गाड्याही. तुमचं नशीब की २० चाही उडाला.

आत्ता वाईत कुठल्याही गाड्यांच्या सामानाच्या दुकानात लाल फ्यूज मागा, दहाबारा रुपयांना मिळेल. चारपाच घ्या. किल्ली काढून एक बसवा, ब्रेक दाबा. लगेच उडाला तर शॉर्ट पक्का आहे, गाडी तिथेच ठेवून एसटीने जा. टिकला तर निघा, पण दर थांब्यावर मागचे दिवे बघत. आणि जागेवर पोचलात की खरं दुखणं शोधा. फ्यूज विनाकारण उडत नाही.

---

क्लचप्रेमी (४:१५)

टिंगल बाजूला ठेवून एक खरा प्रश्न. ही गाडी दुसऱ्या गाडीला दोरी बांधून ओढत नेली असती तर? आम्ही जीप तशीच आणतो.

---

पन्हाळवारा (४:२२)

ऑटोमॅटिक तशी ओढायची नाही. पी मध्ये ओढली तर आतला दातेरी अडसर तुटेल. एन मध्ये ओढली तरी इंजिन बंद असल्यामुळे गिअरबॉक्सचा तेलाचा पंप फिरत नाही, चाकांबरोबर आतले भाग कोरडे फिरतात. दोन पावलं बाजूला घ्यायला ठीक आहे, वाई ते पुणे नाही. एकतर सपाट ट्रकवर, नाहीतर इंजिन फिरवतं ती चाकं उचलून. आणि धक्का मारून चालूही होत नाही, ते तुमचं सकाळचं.

---

क्लचप्रेमी (४:२४)

माहितीबद्दल आभार. मत कायम.

---

उतारावरचा (रात्री ९:३५)

पोचलो. लाल फ्यूज टिकला. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा दिवे बघितले, लागत होते. गिअरही सुतासारखा सरळ. किल्ली फिरवून ब्रेक दाबला तर खरंच टक् ऐकू येतं काका. बाबांना पण ऐकवलं.

घरी पोचून डिकीतून बॅगा काढल्या, गाडी नीट लावायला गेलो. ब्रेक दाबला. टक् नाही. फ्यूज उडालेला.

बाबा काही बोलले नाहीत. फक्त डिकीकडे बघितलं.

---

गवती_चहा (९:३८)

थांबा थांबा थांबा. पहिल्या पोस्टमध्ये बाबा काय म्हणाले होते?

---

तिखटमीठ (९:४०)

"ही गाडी डिकी उघडली की रुसते." आणि आपल्याला दुर्लक्ष करायला सांगितलं होतं!

---

घाटवेडी (९:४१)

अरे देवा. बाबांची माफी मागा आधी.

---

वायरमन७२ (रविवार, सकाळी ६:१०)

मीही ते वाक्य हसून सोडून दिलं होतं. चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरी जोडतोय, आणि गिऱ्हाईक जे सांगतं ते नीट ऐकायचं हे मलाच मी विसरलो. बाबांना माझा नमस्कार सांगा.

आता सरळ आहे. तिसरा ब्रेकदिवा कुठे आहे? तुमच्या डिकीच्या दारावर, काचेच्या वर. त्याची वायर छतातून बिजागरीजवळ एका रबरी नळीतून दारात जाते. डिकी दर वेळी उघडली, मिटली की ती वायर त्याच जागी वाकते. आठ नऊ वर्षांत वरचं आवरण चिरतं. आतलं तांबं उघडं पडतं आणि दाराच्या एखाद्या ठेवणीत पत्र्याला टेकतं. टेकलं तरी लगेच काही होत नाही, कारण त्या वायरीत करंट ब्रेक दाबल्यावरच येतो. म्हणून क्रम असा: डिकी उघडा, लावा, मग ब्रेक दाबा, फ्यूज जातो, दिवे जातात, कुलूप उघडत नाही. दर वेळी होत नाही, कारण वायर दर वेळी तिथेच पडत नाही. घरून वाईपर्यंत डिकी उघडली नव्हती, बरोबर?

एक विचारतो. मागच्या काचेची वाफ घालवणारी तार, मागचा वायपर, नंबरप्लेटचा दिवा, यातलं काही बंद आहे का?

---

उतारावरचा (सकाळी ८:०२)

मागचा वायपर दिवाळीपासून बंद आहे. मोटर गेली समजून सोडून दिलं होतं.

---

वायरमन७२ (८:०५)

हे आधी सांगायचं! तोही त्याच नळीतून जातो. उद्या नळीची दोन्ही टोकं ओढून बाहेर काढा आणि फोटो टाका.

---

हडसनकाठचा (८:३०)

हे एखाद्या रहस्यकथेसारखं चाललंय. खुनी पहिल्याच पानावर होता.

---

उतारावरचा (सोमवार, संध्याकाळी ७:१८)

फोटो चढत नाहीये, शब्दांत सांगतो.

ऑफिसजवळच्या एका वायरिंगवाल्याकडे गेलो. काकांचा प्रतिसादच त्याला फोनवर वाचून दाखवला, तो म्हणाला, "मग मला काय विचारताय, शिकलेले दिसताय." रबरी नळी वरून ओढली तर आत सात आठ वायरी, वरून सगळ्या धडधाकट. त्याने एकेक वायर बोटाने वाकवली. वाकवल्यावर आवरण उघडायचं, सुकलेल्या शेंगेसारखं. तीन वायरी चिरलेल्या. वायपरची तर पूर्ण तुटलेली, टोकं हिरवी पडलेली. आणि तिसऱ्या दिव्याच्या वायरीचं तांबं उघडं, शेजारी पत्र्याच्या भोकाच्या कडेला काळा ठिपका. ठिणगी उडायची ती जागा. तीळ असतो तेवढाच.

नुसती चिकटपट्टी नको म्हणून सांगितलं. त्याने तीनही जागी नवीन मऊ वायरीचा तुकडा जोडून, कथलाचा डाग देऊन, वर गरम करून आवळणारी नळी चढवली. सांधे वाकायच्या जागेपासून लांब ठेवले, कारण डाग दिलेली वायर कडक होते आणि वाकवली की तिथेच मोडते म्हणाला. ६०० रुपये. मग डिकी आम्ही वीस वेळा उघडली, लावली, दर वेळी ब्रेक. वीस वेळा टक्. मागचा वायपरपण चालू झाला, काच कोरडी होती त्यामुळे फार वाईट आवाज आला.

बाबांची माफी मागितली. ते म्हणाले, "मी कुठे काय बोललो?" आणि तेव्हापासून जो घरी येतोय त्याला सांगतायत. चष्म्याच्या जुन्या डबीत सहा लाल फ्यूज घालून ती गाडीत ठेवलीय. मावशीचा आकडाही त्यातच आहे, ती परत मागतेय.

---

तिखटमीठ (७:२५)

सुंदर! माझ्या गाडीची नळी आत्ताच बघून आले. एक चीर आहे. शनिवारी नेते.

---

मी_सांगलीची (७:४०)

काका, माझ्या एएमटीत हे होणार नाही ना?

---

वायरमन७२ (७:५५)

डिकीला दार आहे ना ताई, मग वायर तिथेही वाकते. गिअर कदाचित अडणार नाही, पण ब्रेकचे दिवे जातील आणि कोणी सांगणार नाही. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, ब्रेक दाबा, भिंत लाल होते का आरशात बघा. आठवड्यातून एकदा.

---

क्लचप्रेमी (८:१०)

माझ्या मॅन्युअलमध्ये बघितलं. उजवीकडचा ब्रेकदिवा बंद आहे. किती दिवसांपासून, देव जाणे. यावर कोणीही काहीही बोलू नये.

---

गवती_चहा (८:११)

😂😂😂

---

घाटवेडी (८:१४)

बोलत नाही. फक्त प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

---

उतारावरचा (८:३२)

वायरमनकाका, बाबा शेजारी बसलेत. ते विचारतायत तुमचं गाव कोणतं.

---

वायरमन७२ (८:४०)

औंध. संस्थानचं. पुण्यातलं नव्हे.

---

उतारावरचा (८:४३)

बाबांची आत्या औंधला दिली होती. फोन नंबर व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पाठवा, ते आजच बोलायचं म्हणतायत.